राग कुणाच्या कार्डावर?

'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स' या 2000 सालच्या सिनेमाचा शेवट असा आहे. सामना शेवटच्या होलवर आलाय, अंधार पडत चाललाय. नायक जूनाह चेंडूजवळची एक काडी बाजूला करतो आणि चेंडू जरासा हलतो. नियमाप्रमाणे याला एका फटक्याचा दंड आहे. पण हे पाहिलंय फक्त शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलाने. तो रडकुंडीला येऊन विनवतो, सांगू नका, कुणालाच कळणार नाही. जूनाह सांगतो. स्वतःच्या नावावर एक फटका चढवतो.

गोल्फ हा आपल्याकडे, म्हणजे बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात, खेळायचा खेळ नाही. तो मोबाइलवर पाहायचा, तोही चुकून समोर आलेल्या रीलमध्ये. रील बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं: कुणीतरी गोरा, श्रीमंत माणूस सोपा फटका चुकतो आणि हातातली काठी तळ्यात भिरकावतो. कमेंटमध्ये हसणाऱ्या इमोजींची रांग. हा खेळ स्वतःला जगातला सगळ्यात सभ्य खेळ म्हणवतो. मग त्यातली माणसं इतकी का चिडतात? आणि चिडणारी माणसं कुणी पाहिलेलं नसताना स्वतःवर दंड कशी काय लावून घेतात? हॉलिवूडने या प्रश्नाला दोन उत्तरं दिली आहेत. मला दोन्ही अपुरी वाटतात.

गीता, पण युद्ध वगळून

बॅगर व्हान्सची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. स्टीव्हन प्रेसफील्डने 1995 साली ही कादंबरी लिहिली ती सरळ भगवद्गीतेवरून. आर. जूनाह म्हणजे अर्जुन, बॅगर व्हान्स म्हणजे भगवान. पहिल्या महायुद्धातून मोडून परतलेला, दारूत बुडालेला जूनाह खेळायला नकार देतो, आणि कुठून तरी उगवलेला कॅडी त्याला पुन्हा उभा करतो. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चालणारा माणूस. काळ 1931, जागा अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. रॉबर्ट रेडफर्डच्या सिनेमात जूनाह झालाय मॅट डेमन आणि बॅगर झालाय विल स्मिथ.

मराठी घरात गीता कुठल्या ना कुठल्या वाटेने येतेच. कुणाकडे ज्ञानेश्वरीतून, कुणाकडे विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांतून. दुसऱ्या अध्यायातली ती उतरंड आपण ऐकलेली असते: विषयाचा ध्यास, त्यातून इच्छा, इच्छेतून राग, रागातून भ्रम, आणि शेवटी सर्वनाश. रेडफर्ड नेमकी हीच उतरंड उलटी चढून दाखवतो. मन शांत झालं की फटका बरोबर बसतो, आणि शांत झालेला माणूस आपोआप प्रामाणिकही होतो.

इथेच मी अडखळतो. एकतर गीता ही नेमबाजी सुधारण्याची शिकवणी नव्हती. अर्जुनासमोर त्याचे आजोबा, गुरू, भाऊ उभे होते. सिनेमाने युद्ध काढून टाकलं आणि उरलेल्या गीतेचा परफॉर्मन्स कोच केला. दुसरं असं की शांत माणूसच प्रामाणिक असतो, हे खरं नाही. त्याचा पुरावा याच सिनेमात जूनाहसमोर खेळतोय. त्याचं नाव बॉबी जोन्स.

एकच माणूस, दोन घटना

सिनेमातला सामना काल्पनिक असला तरी बॉबी जोन्स खरा. 1921 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला ओपन स्पर्धा खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना त्याला 46 फटके लागले. अकराव्या होलवर वाळूच्या खड्ड्यात अडकल्यावर त्याने डाव अर्ध्यात सोडला आणि हिशेबाचं कार्ड फाडून टाकलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका स्पर्धेत त्याने रागाने फेकलेली काठी उसळून एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागली. राग आवरला नाहीस तर आमच्या स्पर्धा बंद, असं पत्र त्याला अमेरिकी गोल्फ संघटनेकडून आलं.

चार वर्षांनी, 1925 च्या यूएस ओपनमध्ये, फटका मारायला उभा राहताना गवतातला चेंडू हलला, असं या जोन्सला वाटलं. दुसऱ्या कुणालाच तसं दिसलं नव्हतं. पंचांनी चौकशी केली आणि निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने दंड घेतला. स्पर्धा संपली तेव्हा तो आणि विली मॅकफर्लेन बरोबरीत होते. मग झालेल्या प्लेऑफमध्ये जोन्स हरला. तो एक फटका स्वतःच्या नावावर चढवला नसता, तर प्लेऑफची वेळच आली नसती. कौतुक करणाऱ्यांना तो म्हणाला, की मग बँक लुटली नाही म्हणूनही माझं कौतुक करा.

हा बदललेला माणूस होता हे उघड आहे. पण बदललं काय? त्याचा राग गेला, असं मला वाटत नाही. दोन्ही वेळा तो एकाच गोष्टीने अस्वस्थ होता: आपल्या कार्डावर खोटा आकडा नको. 1921 मध्ये त्याला आपला खरा आकडा सहन झाला नाही म्हणून त्याने कार्डच फाडलं. 1925 मध्ये त्याने तो सहन केला आणि लिहिला. राग तोच. आधी तो काठीवर आणि कुणाच्या तरी पायावर निघत होता, नंतर तो स्वतःच्या खात्यावर मांडला जाऊ लागला.

म्हणून खेळाडूच्या रागाकडे पाहताना 'चिडला का?' हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. खरा प्रश्न वेगळा आहे: तो राग कुणाच्या कार्डावर लिहिला गेला? त्याची किंमत कुणी मोजली?

फेकलेली काठी कोण उचलतं

हॉलिवूडचं दुसरं उत्तर म्हणजे 1996 चा 'हॅपी गिलमोर'. ॲडम सँडलरचा हॅपी हा आइस हॉकीत जागा न मिळालेला, सतत भडकणारा पोरगा. आजीचं घर कर थकल्यामुळे जाणार असतं, ते वाचवायला तो गोल्फमध्ये उतरतो. शिव्या देतो, मारामारी करतो, आणि त्यामुळेच लोकप्रिय होतो. सिनेमा बटबटीत आहे, पण एक गोष्ट त्याला बॅगर व्हान्सपेक्षा चांगली कळते: गर्दीला शांत माणूस बघायचा नसतो. राग विकला जातो. 2025 च्या दुसऱ्या भागात स्कॉटी शेफ्लर, रॉरी मॅकिलरॉय असे खरे अव्वल खेळाडू येऊन स्वतःचीच भूमिका करून जातात. ज्याची आपण खिल्ली उडवली, त्याच्याच दारात हा खेळ हौसेने येऊन बसला.

पण हॅपीचा राग आपल्याला आवडतो कारण तो आजीच्या घरासाठी आहे. खऱ्या व्यावसायिकांच्या रागामागे आजी नसते. 2019 साली सौदी अरेबियातल्या स्पर्धेत सर्जिओ गार्सियाने चिडून एकामागून एक ग्रीन खरवडली. ग्रीन म्हणजे होलभोवतीची ती गालिच्यासारखी हिरवळ. मागून येणाऱ्यांना त्याच खरवडलेल्या गवतावरून चेंडू ढकलायचा होता. त्याला बाद केलं गेलं. 2025 च्या यूएस ओपनमधून लवकर बाहेर पडल्यावर विंडम क्लार्कने ओकमॉंट क्लबातले लॉकर फोडले. हा माणूस दोनच वर्षांपूर्वी तीच स्पर्धा जिंकलेला. क्लबाने त्याला दार बंद केलं. फोटो सगळ्यांनी पाहिले. ते लाकडाचे तुकडे कुणी गोळा केले, हे कुठल्या फोटोत नव्हतं.

आता पुन्हा बॅगर व्हान्सकडे या. 1931 च्या जॉर्जियातला काळा माणूस. त्या राज्यात तेव्हा काळ्या माणसाला झुंडीने ठार मारलं जात होतं. आणि या माणसाला अख्ख्या सिनेमात एकदाही राग येत नाही. तो हसतो, कोड्यात बोलतो, गोऱ्या नायकाचं मन दुरुस्त करतो आणि सामना संपण्याआधीच निघून जातो. काळ्या पात्राकडे जादू आहे, पण ती फक्त गोऱ्याच्या कामाला, असल्या पात्रांवर दिग्दर्शक स्पाइक ली तेव्हाच तुटून पडला होता. मी त्यात गीतेच्या बाजूने एक भर घालेन. कृष्ण सारथी झाला तो स्वतःच्या मर्जीने. त्याच्याकडे द्वारका होती, सैन्य होतं. बॅगरने पिशवी उचलली त्यात मर्जीचा प्रश्न कुठे होता? खऱ्या बॉबी जोन्सने पुढे याच जॉर्जियात ऑगस्टा नॅशनल हा क्लब उभारला. तिथल्या मास्टर्स स्पर्धेत 1982 पर्यंत खेळाडूंना क्लबाचेच कॅडी घ्यावे लागत, आणि ते काळेच असत. पहिला काळा खेळाडू तिथे खेळला 1975 मध्ये, पहिला काळा सभासद झाला 1990 मध्ये. स्वतःवर फटक्याचा दंड लावणाऱ्या माणसाच्या क्लबाने हा दंड मात्र इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कार्डावर ठेवला.

तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शिफ्टवर सुपरवायझर भडकला तर तो 'कडक' असतो. कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर भडकला तर त्याचा गेटपास जमा होतो. शांतपणा हा गुण आहेच, पण तो कुणाकडून सक्तीने वसूल केला जातो हेही पाहायला हवं. 'खिलाडूवृत्तीने घ्या' हे वाक्य आठवून बघा. ते बहुतेक वेळा ज्याचं नुकसान झालंय त्यालाच ऐकवलं जातं.

पोट भरणाऱ्याचा प्रामाणिकपणा

जोन्सबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो व्यावसायिक नव्हता. तो शेवटपर्यंत हौशी राहिला, वकिली करत होता. सिनेमातला तिसरा खेळाडू वॉल्टर हेगन हा खरा व्यावसायिक. त्या काळी व्यावसायिकाची पायरी खालची. 1920 च्या ओपनला इंग्लंडमध्ये व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता, तर या पठ्ठ्याने भाड्याची आलिशान गाडी क्लबच्या दारात लावली आणि तिच्यात कपडे बदलले. काठी न फेकताही राग असा दाखवता येतो, आणि त्याचं भाडं त्याने स्वतः भरलं.

पैशासाठी खेळणाऱ्याने स्वतःवर दंड लावणं हे जोन्सच्या दंडापेक्षा महाग असतं. 2010 साली अमेरिकेत हिल्टन हेडच्या स्पर्धेत ब्रायन डेव्हिस हा इंग्लिश खेळाडू जिम फ्यूरिकविरुद्ध प्लेऑफ खेळत होता. अमेरिकी पीजीए टूरवर त्याने तोवर एकही स्पर्धा जिंकली नव्हती. काठी मागे नेताना ती एका वाळक्या लव्हाळ्याला घासली, असं त्याला वाटलं. त्याने स्वतः पंचांना बोलावलं. टीव्हीवर स्लो मोशनमध्ये पाहिलं तेव्हा कुठे ते दिसलं. दोन फटके दंड, सामना हातातून गेला. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात चार लाख डॉलरहून अधिक फरक होता. लव्हाळ्याच्या एका पातीची ती किंमत.

दिलेलं आणि मागितलेलं

तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, 1969 मध्ये, गोल्फमधली सगळ्यात गाजलेली दिलदारी घडली. इंग्लंडमध्ये रॉयल बर्कडेलला रायडर कप चालू होता, अमेरिका विरुद्ध ब्रिटन. शेवटचा सामना, शेवटचं होल. टोनी जॅकलिनला साधारण दोन फुटांचा फटका घालायचा होता. चुकला असता तर ब्रिटन हरलं असतं. जॅक निकलॉसने त्याच्या चेंडूच्या जागेची खूण उचलली: तुझा फटका मान्य, मारायची गरज नाही. 16–16 बरोबरी. रायडर कपच्या इतिहासातली पहिलीच.

याची गोष्ट सांगताना दोन तपशील गाळले जातात. बरोबरी झाली की कप आधीच्या विजेत्याकडे राहायचा, म्हणजे अमेरिकेकडेच. आणि अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड या दिलदारीवर नाराज होता, कारण दिलेली गोष्ट एकट्या निकलॉसची नव्हती, संघाची होती. तरी मी निकलॉसच्या बाजूने उभा राहीन. कारण त्याने दिलं. मागितलं नाही.

हा फरक आपल्याकडे 27 जुलै 2025 ला मँचेस्टरच्या कसोटीत उघडा पडला. त्या संघात पालघरचा शार्दूल ठाकूर होता, पहिल्या डावात 41 धावा करून गेलेला. दुसऱ्या डावात शून्यावर दोन बाद अशी सुरुवात झालेला भारत पाचव्या दिवशी संध्याकाळी सामना वाचवून बसला होता. जडेजा 89 वर, वॉशिंग्टन सुंदर 80 वर. बेन स्टोक्सने हात पुढे केला: चला, बरोबरी. भारताने नको म्हटलं. मग स्टोक्स आणि त्याच्या साथीदारांचे टोमणे, हॅरी ब्रूकची मुद्दाम टाकलेली हळू गोलंदाजी, आणि दोघांची शतकं. थकलेल्या गोलंदाजांना वाचवण्याची स्टोक्सची काळजी खरी असेल. पण नियमाप्रमाणे बरोबरीला दोन्ही कर्णधारांची संमती लागते, आणि दिवसभर उन्हात उभं राहून कमावलेली गोष्ट सोडायची की नाही हे कमावणाऱ्याने ठरवायचं. समोरच्याकडून मागून, न मिळाल्यावर चिडून जी खिलाडूवृत्ती वसूल केली जाते, तिला मराठीत जुना शब्द आहे: रडीचा डाव.

गर्दीचंही एक कार्ड असतं

शार्दूलचं नाव निघालंच आहे तर त्याच्याच वाटेतल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहू. 31 ऑगस्ट 2017 ला कोलंबोत त्याने एकदिवसीय पदार्पण केलं, 10 नंबरचा शर्ट घालून. तो सचिनचा नंबर. नंतरचे दिवस सोशल मीडियावर लोकांनी त्याला सोलून काढलं. पुढे तो 54 नंबर घालून खेळू लागला. नियम त्याने कुठला मोडला होता? कुठलाच नाही. राग लोकांचा, दंड पोराला.

दुसरी घटना 11 एप्रिल 2019 ची, जयपूरची. शार्दूल त्या मोसमात चेन्नईच्याच संघात होता. शेवटच्या षटकात पंच उल्हास गंधे यांनी नो-बॉलचा हात केला, दुसऱ्या पंचांशी बोलणं झाल्यावर तो मागे घेतला गेला, आणि बाद होऊन बाहेर गेलेला 'कॅप्टन कूल' धोनी सरळ मैदानात चालत आला. दंड झाला सामन्याच्या मानधनाच्या निम्मा. लोक म्हणाले, शेवटी तोही माणूसच आहे. अगदी बरोबर. पण नंबरच्या वेळी पालघरच्या पोराला माणूस असण्याची सूट कुणी दिली नव्हती, आणि भर मैदानात ओरडा खाल्लेल्या पंचांनाही नाही.

हाच शार्दूल 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून परतला आणि लोकल पकडून पालघरला घरी गेला. डब्यातली पोरं हा खरंच तोच का, हे गूगलवरच्या फोटोशी ताडून बघत होती. नंतर त्याला 'लॉर्ड' म्हणायला लागले तेही अर्धं चेष्टेनेच. त्याने चेष्टा अंगाला लावून घेतली नाही. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला 67 धावा आणि सात बळी असं उत्तर दिलं, आणि चेष्टेचा अर्थच फिरला. त्याला राग येत नसेल असं नाही. तो धावांच्या आणि बळींच्या रकान्यात गेला, एवढंच आपल्याला दिसतं.

गोल्फमध्ये ज्या गोष्टीचा इतका गवगवा आहे, ती आपल्या मैदानांवर दर रविवारी घडते. टेनिस बॉलच्या साध्या मॅचला पंच आणणार कुठून? तो बॅटिंग करणाऱ्या टीमचाच. शेवटची ओव्हर, आपलाच मित्र बॅटिंगला, बॉल बॅटला निसटता लागून कीपरकडे, आणि विकेटमागून अपील. आवाज पंचाने ऐकलेला असतो. जूनाहला विनवणारा एकच मुलगा होता. इथे बाउंड्रीवर बसलेली आख्खी टीम डोळे वटारून असते. बोट वर केलं तर रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा उद्धार होणार. तरी कुणीकुणी बोट वर करतं. आउट झालेला बॅट आपटतो, चिडका बिब्बा म्हणून चिडवून घेतो, आणि दोन ओव्हरनंतर स्कोअर लिहायला येऊन बसतो. त्याचं चिडणं मला चालतं. फक्त आपटलेली बॅट उचलायला त्याने दुसऱ्या कुणाला पाठवू नये, आणि लिहिताना आपल्या नावापुढे दोन धावा वाढवू नयेत.